सुक्या लाइनीचा प्लग

ती गोष्ट आठवली की माझं डोकं आजही तापतं. निवृत्त माणसाने डोकं तापवून घेऊ नये असं डॉक्टर सांगतात. डॉक्टरांनी एकदा डोंबिवलीत घराचं काम काढून बघावं, मग बोलावं.

निवृत्त झाल्यापासून लोक मला चोरांबद्दल फारसं विचारत नाहीत, प्लंबरबद्दल विचारतात. जिन्यात, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत. "साहेब, एवढी वर्षं पोलिसात काढलीत, एखादा विश्वासातला प्लंबर सांगा ना." जसं काही आम्ही हिस्ट्रीशीटरांच्या शेजारी प्लंबरांचीही यादी लावून ठेवायचो. मी सांगतो, माणूस आहे माझ्याकडे, सोन्यासारखा आहे, पण तो घराची किल्ली घेणार नाही. तुम्हाला रजा काढून घरी बसावं लागेल. मग समोरचा तोंड वाकडं करतो आणि विचारतो, किल्ली का नाही घेत? त्या प्रश्नाचं उत्तर आज एकदाच लिहून टाकतो. नाव कोणाचंही देत नाही. ज्यांनी चुका केल्या त्यांना वाचताना आपापलं नाव आठवेल.

तेव्हा मी डोंबिवली पूर्वेच्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. एका संध्याकाळी एक शिक्षिका बाई तक्रार घेऊन आल्या. मानपाडा रोडच्या आतल्या बाजूला त्यांची जुनी चार मजली इमारत, दुसऱ्या मजल्यावर घर. नवरा-बायको दोघं नोकरीला. घरात सासूबाई, पण त्या आठवड्यात त्या ठाणे शहरात खोपटला लेकीकडे गेलेल्या. घरातलं सोनं गेलं होतं. मंगळसूत्र, मोहनमाळ, दोन साखळ्या, मोत्यांच्या कुड्या. पाटल्या तेवढ्या वाचल्या, कारण त्या सासूबाईंच्या हातात होत्या.

सोनं होतं कुठे, तर न्हाणीघराच्या माळ्यावर, तांब्याच्या जुन्या बंबात. मी लिहिता लिहिता थांबलो. बाई म्हणाल्या, "आईंचं म्हणणं, चोर आधी कपाट फोडतो. पाणी तापवायच्या बंबात कोण हात घालेल?" कपाट सोडून सोनं बंबात, पिठाच्या डब्यात किंवा गणपतीच्या मखराच्या खोक्यात ठेवणारी घरं मी शेकड्याने बघितली आहेत. तरी लिहिताना हात थांबतोच.

"घरात कोण आलं होतं?"

"प्लंबर. चार दिवस न्हाणीघराचं काम चालू आहे. किल्ली त्यांच्याकडेच असते." बाई जरा अडखळल्या. "पण काका तसे नाहीत हो."

काका म्हणजे साठीला आलेला, मूळचा मालवणकडचा माणूस. ती इमारत बांधली तेव्हापासून तिथले नळ तोच बघायचा. दोघं नवरा-बायको सकाळी सात-साडेसातला मुंबईला निघाली की घर बंद. नळ गळायला लागला तर रजा कोण काढणार? म्हणून लोक काकांकडे किल्ली ठेवायचे. डोंबिवलीतली ही पद्धतच आहे. काकांकडे आसपासच्या इमारतींतल्या सतरा घरांच्या किल्ल्या होत्या.

मी गुन्हा दाखल केला. दुसऱ्या दिवशी हजेरी संपते न संपते तोच ठाणे अंमलदाराच्या टेबलावर फोन वाजला. कोणीतरी पुरुष, नाव सांगितलं नाही. म्हणाला, सोन्याची चोरी झालीय ना, त्या प्लंबरच्या पिशवीत तळाला बघा. आणि फोन ठेवला.

नोकरीत मला अशा खबरी खूप आल्या. खरा खबऱ्या घुटमळतो, इकडचं तिकडचं बोलतो, आपल्याला काय मिळेल ते चाचपतो. "तळाला बघा" इतकं नेमकं बोलणाऱ्याचाच मला आधी संशय येतो. पण खबर आली की झडती घ्यावीच लागते. दोन पंच घेतले, एक औषधांच्या दुकानवाला आणि एक गिरणीवाला, आणि हवालदाराला घेऊन काकांच्या चाळीतल्या खोलीवर गेलो.

काका कामावर निघायच्या तयारीत होते. पिशवी दारातच होती. मी स्वतः एकेक वस्तू बाहेर काढत गेलो आणि हवालदार पंचनाम्यात लिहीत गेला. पाइप आवळायचे दोन पाने, करवतीचं पातं, छिन्नी, सुतळीचा गुंडा, सफेद्याचा डबा. तळाशी चिंध्या. चिंध्यांखाली प्लास्टिकची एक गोल डबी, पांढरा टेप विकत मिळतो तिची, रिकामी. उघडली तर आत मोत्यांच्या दोन कुड्या.

काकांच्या बायकोने भिंतीचा आधार घेतला. काकांनी कुड्यांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

त्या खोलीतली आणखी एक गोष्ट मी विसरलो नाही. भिंतीवर प्लायवूडची फळी होती, तिच्यावर सतरा खिळे आणि प्रत्येक खिळ्याला घराचा नंबर लिहिलेली किल्ली. आमचं लिहिणं चालूच होतं, तेवढ्यात दारात एक गृहस्थ आले. इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सोसायटीच्या अध्यक्षांनी काकांचा फोटो टाकला होता, खाली लिहिलं होतं, सावध राहा. पोलीस पिशवी उघडायच्या आत फोटो फिरला होता. गृहस्थ म्हणाले, "वहिनी, आमची ती किल्ली... नाही, तसं काही नाही, पाहुणे येतायत म्हणून." वहिनींनी किल्ली काढून दिली. मग दुसरे आले. मग एक बाई आल्या, त्यांना नजर कुठे ठेवावी कळेना. वहिनी प्रत्येकाला शांतपणे विचारायच्या, "तीनशे दोन की तीनशे तीन?" पंचनाम्यावर सह्या होईपर्यंत फळीवर चार किल्ल्या राहिल्या.

काकांना चौकशीसाठी ठाण्यात आणलं. सासूबाई खोपटहून पहिल्या गाडीने निघून थेट आमच्याकडे आल्या. पंचाहत्तरीच्या, बारीक अंगाच्या, आवाज मात्र शाळेच्या घंटेसारखा. म्हणाल्या, "सोनं बंबात आहे हे त्यांना ठाऊक होतं. मीच सांगितलेलं. वर काम करताना बंबाला धक्का लावू नका, त्यात माझं आहे, म्हटलं."

हवालदाराने माझ्याकडे बघितलं. झालं, माणूस पुरता अडकला. आजींच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. त्या पुढे म्हणाल्या, "आणि म्हणून सांगते, तो चोर नाही. गेली पाच वर्षं ठाऊक आहे त्याला. आजच बरी बुद्धी फिरली?"

आमच्या वरिष्ठांनी मात्र पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. मला केबिनमध्ये बोलावलं. "किल्ली त्याच्याकडे, जागा त्याला माहीत, माल त्याच्या पिशवीत. आणखी काय हवंय, त्याच्या आईची चिठ्ठी? अध्यक्षांचा तीनदा फोन आलाय, त्यांची वरपर्यंत ओळख आहे. संध्याकाळपर्यंत अटक दाखवा. उरलेलं सोनं दोन दांडक्यांत निघेल."

मी म्हटलं, "साहेब, लेखी द्या."

"काय लेखी द्या?"

"दांडक्यांचं. तेवढं लेखी द्या, मग बघतो."

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, हे मलाही कळत होतं. पण कोणीतरी फोनवरून सांगतो तळाला बघा, आम्ही बघतो, आणि साठीच्या माणसाला बडवून मोकळे होतो, याला तपास म्हणत असतील तर मला तो करायचा नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मी वर्दी चढवली नव्हती. हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं आणि आज पुन्हा लिहितो.

काका बाकावर बसले होते. चहा दिला तो घेतला नव्हता. मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि आदल्या दिवसाचं सगळं क्रमाने विचारलं. कोण आलं, कोण गेलं, पिशवी कुठे होती. विचारता विचारता पंचनामा चाळत होतो. वस्तूंची यादी पुन्हा वाचली आणि सहज म्हटलं, "टेप संपला होता का? डबी रिकामी होती म्हणून विचारतो."

तोपर्यंत चोर म्हटलं तरी गप्प बसलेला माणूस ताठ झाला. "टेप? साहेब, चोर म्हणा, पण टेपवालो म्हणू नका. पस्तीस वर्षां झाली, ह्या हातान टेप लावूक नाय."

मला हा वाद तेव्हा माहीत नव्हता, तुम्हालाही नसेल. लोखंडी पाइपाचे दोन तुकडे जोडताना आट्यांतून पाणी झिरपू नये म्हणून जुने कारागीर आट्यांवर सुतळीचे धागे गुंडाळतात आणि वरून सफेदा लावतात. नवे लोक पांढरा टेप गुंडाळतात, काम झटकन होतं. काकांच्या मते टेप म्हणजे आळशी माणसाची सोय. त्यांच्या पिशवीत टेपची डबी म्हणजे सोवळ्याच्या स्वयंपाकघरात सुक्या बोंबलाची पिशवी. मी पंचनामा पुन्हा बघितला. सुतळी होती, सफेदा होता, टेपचा इंचभर तुकडा नव्हता. होती ती नुसती डबी.

"मग त्या इमारतीत टेपवाला कोण?" मी विचारलं.

काका म्हणाले, कंत्राटदार. इमारतीचे सगळे पाइप बदलून प्लास्टिकचे टाकायचं काम त्याला हवं होतं आणि अध्यक्षांना त्यालाच द्यायचं होतं. सोसायटीच्या सभेत काका उभे राहून म्हणाले होते, पाइप अजून दहा वर्षं चालतील, कशाला बदलता? त्यावरून ठराव अडला होता. आदल्या दिवशी सकाळी अध्यक्ष कंत्राटदाराला घेऊन घराघरात मोजमाप करत फिरत होते. शिक्षिकाबाईंचं दार काकांनीच उघडून दिलं. मग कंत्राटदार म्हणाला, काका, जरा गच्चीवर जाऊन टाकीचा वॉल्व बंद करा. काका गेले. पिशवी न्हाणीघरातच राहिली. अध्यक्ष हॉलमध्ये फोनवर बोलत होते. काका परत आले तेव्हा मोजमाप संपलं होतं.

हे सगळं आधी का नाही बोललात, असं मी विचारलं. काका म्हणाले, "कोणी विचारल्यान?" खरंच, कोणी विचारलं नव्हतं. मीही त्या क्षणापर्यंत विचारलं नव्हतं.

आता माणूस समजला, पण माल कुठे? कंत्राटदाराच्या घरावर छापा घालून काही मिळालं नसतं तर मी तोंडावर आपटलो असतो आणि काका आयुष्यातून उठले असते. मी काकांना विचारलं, तुम्हाला एवढीशी पुरचुंडी त्या इमारतीत लपवायची असती तर कुठे लपवली असती? ते म्हणाले, बघितल्याशिवाय कसं सांगू. मग म्हटलं, चला, बघू.

स्टेशन डायरीत स्वच्छ अक्षरात नोंद केली, संशयितास पडताळणीसाठी घटनास्थळी नेत आहे. वेळ टाकली, सही केली. तोंडी हुकूम देणाऱ्यांना डायरी आवडत नाही. वरिष्ठांच्या केबिनसमोरून काकांना घेऊन गेलो, बेडी न घालता.

दुपारचे तीन वाजले होते. इमारतीखाली चांगली तीस-चाळीस माणसं जमली. शनिवार होता, बऱ्याच जणांना सुट्टी. सकाळी किल्ल्या नेणारेही त्यात होते. अध्यक्ष पुढे आले. "साहेब, चोराला मोकळा फिरवताय?"

"चोर अजून ठरायचाय," मी म्हटलं. "तुम्ही ग्रुपवर ठरवलाय, कोर्टात नाही."

इमारतीच्या मागच्या बाजूला, न्हाणीघरांच्या खिडक्यांखालून वरपर्यंत सगळे पाइप जातात ती अरुंद जागा. काका तिथे उभे राहिले आणि वर बघू लागले. मी आयुष्यात पुष्कळ हस्ताक्षरतज्ज्ञ बघितले, पण असा नाही. प्रत्येक जोडाकडे बघून ते पुटपुटत होते, हा मी केलेला, हा पण मी, हा पुराच्या वर्षी बदललेला. एकदम त्यांची मान थांबली. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीजवळ, आतून हात पोचेल अशा ठिकाणी, गंजक्या पाइपाचं बंद टोक होतं. जुन्या टाकीची लाइन. टाकी पाडली तेव्हा काकांनीच ती तोडून टोकाला प्लग बसवला होता. तिच्यात कित्येक वर्षं पाण्याचा थेंब नव्हता.

"साहेब, सुक्या लायनीक टेप कोणी लावल्यान?"

मला काही दिसेना. हवालदाराने मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवला. गंजलेल्या प्लगच्या कडेला पांढऱ्या टेपची दोऱ्याएवढी रेघ.

"मी तो प्लग नुसतो पिळलेलो. पाणीच नाय तर सुतळी कित्याक?" काका माझ्याकडे वळले. तोपर्यंतचा त्यांचा आवाज खाली होता, आता तो सगळ्यांना ऐकू गेला. "ह्यो हात माझो नाय."

शिडी मागवली. मुद्देमालातला पाना मी पंचांसमक्ष काढला आणि काकांच्या हातात दिला. अध्यक्ष म्हणाले, "अहो, आरोपीच्या हातात हत्यार देताय?" मी म्हटलं, "हो. तुम्ही वर चढता का?" ते चढले नाहीत. हवालदाराने शिडी धरली, मी काकांच्या मागोमाग तीन पायऱ्यांवर उभा राहिलो, बोटांचे ठसे पुसू नयेत म्हणून प्लगवर आधी कापड गुंडाळायला लावलं. प्लग फिरला. आतून पुरचुंडी निघाली आणि खाली पंचांनी ती रुमालावर उघडली. मंगळसूत्र, मोहनमाळ, दोन साखळ्या. आजी गर्दीत होत्या. त्यांनी सोन्याकडे बघितलंच नाही, काकांकडे बघून डोळ्यांना पदर लावला.

कंत्राटदाराला ठाण्यात बोलावलं. माणूस गोड बोलणारा, शर्टाला इस्त्री, दोन फोन. मी सोन्याचं काहीच काढलं नाही. टेबलावर पाइपाचा वीतभर तुकडा आणि एक प्लग ठेवला होता. म्हटलं, आम्हा पोलिसांना यातलं काही कळत नाही, हा कसा बसवतात जरा दाखवा. तो हसला. खिशातून टेपची डबी काढली, आट्यांवर तीन वेढे घेतले, दातांनी टेप तोडला आणि प्लग पिळला. सफाईदार काम.

"टेप कशाला लावलात?" मी विचारलं.

"लावावाच लागतो साहेब, पाणी झिरपतं."

"यात पाणी कुठे आहे?"

त्याने हातातल्या तुकड्याकडे बघितलं. दोन्ही टोकं उघडी, खाली माझं टेबल. ज्याला रोजची सवय असते त्याच्या हाताला उघडे आटे सहन होत नाहीत. मग मी त्याच्यासमोर रुमाल उघडला. हवालदाराने सकाळच्या फोनचा नंबर वाचून दाखवला, तो त्याच्याच एका साइटवरच्या सुपरवायझरचा निघाला होता. टेपची सवय हा कोर्टात पुरावा नव्हे, पण फोन होता, सुपरवायझर होता आणि प्लगवर ठसा होता. तासाभरात तो बोलला. माळ्यावरचे पाइप बघताना त्याची नजर बंबाच्या तांब्यावर गेली, झाकण उचललं तर सोनं. कुड्या काकांच्या पिशवीत, बाकीचं अंगावर सापडू नये म्हणून काकांच्याच पान्याने प्लग उघडून पाइपात. काका गेले की ठराव मंजूर, ठराव मंजूर झाला की जुने पाइप तोच उतरवणार. भंगाराबरोबर सोनं राजरोस त्याच्या टेम्पोत. कोणाला संशयही आला नसता.

अध्यक्षांनी ग्रुपवरचा फोटो गुपचूप काढून टाकला. मी त्यांना बोलावून घेतलं आणि म्हटलं, तोच फोटो पुन्हा टाका, खाली मी सांगतो ते लिहा, आणि कागदावर छापून सूचना फलकावर लावा. त्यांनी वरपर्यंतच्या ओळखीची आठवण करून दिली. मी म्हटलं, त्यांनाही ग्रुपवर घ्या. माफीचा कागद महिनाभर फलकावर होता, येता-जाता मी स्वतः बघायचो. मला वरिष्ठांनी खुलासा मागितला, आदेशाचं पालन का केलं नाही. मी दोन ओळींत दिला. पुढच्या यादीत माझी बदली झाली, टेबलाच्या कामावर. खुलाशाची प्रत मी अजून जपून ठेवली आहे. पुन्हा तसा दिवस आला तर तोच कागद तारीख बदलून देईन.

आठवड्याभराने लोक पेढे आणि किल्ल्या घेऊन काकांच्या चाळीत गेले. काकांनी पेढे घेतले. किल्ली एकाचीही घेतली नाही. "काम सांगा, येतंय. पण घरात माणूस बसवा." त्या सकाळी लोकांनी नेल्या नव्हत्या त्या चार किल्ल्याही त्यांनी घरोघरी जाऊन परत केल्या. आता त्या इमारतींत नळ गळला की कोणालातरी रजा टाकावी लागते. लोक कुरकुरतात, भाव खातो म्हणतात. मी म्हणतो, खाऊ दे. विश्वासू प्लंबर कुठे मिळेल असं विचारणाऱ्यांना मिळाला होता. पस्तीस वर्षं मिळाला होता, आणि एका फोटोवर त्यांनी तो घालवला.

निवृत्तीनंतर मी डोंबिवलीतच घर घेतलं. पहिल्याच महिन्यात स्वयंपाकघरातला नळ बिघडला. काका आले, काम दोन दिवसांचं होतं. मला दुसऱ्या दिवशी एका कामाला ठाणे शहरात जायचं होतं. मी मोठ्या तोऱ्यात किल्ली पुढे केली. म्हटलं, इतरांचं सोडा, माझी तरी घ्याल.

काका सुतळीचा धागा उलगडत होते. मान वर न करता म्हणाले, "नको साहेब. माझ्या पिशयेत हात तुम्हीच घातलात."

मला राग आला नाही. नियमाप्रमाणे होतं ते, पंचांसमक्ष होतं, आणि त्याच झडतीतल्या डबीने त्यांना सोडवलं. हे सगळं मी त्यांना सांगू शकलो असतो. पण चारचौघांत माझ्या हाताने त्यांची पिशवी जमिनीवर रिकामी झाली होती आणि त्यांची बायको भिंतीला टेकून ते बघत होती. माझ्या नोंदीत तो एक योग्य तपास आहे. त्यांच्या घरात तो वेगळाच दिवस आहे.

म्हणून काका येणार असले की मी कुठे जात नाही. बाहेरचं काम पुढे ढकलतो, स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसतो आणि त्यांनी हात पुढे केला की पाना देतो.